म्हशी सोडल्याचा पुरावा

पप्पा, तुम्ही गेल्यानंतर मी तुमच्याच पशुसंवर्धन खात्याच्या कामाला लागले, हे तुम्हाला माहीत नाही. जनावरांना हात लावत नाही. नौपाड्यातल्या एका कार्यालयात बसते. पुरात जनावरं दगावली की पशुपालकांचे सरकारी मदतीचे अर्ज ज्या संगणक प्रणालीतून जातात, ती मी सांभाळते. अर्जाला मेलेल्या जनावराचा फोटो लागतो, कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा. फोटो नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

मागच्या आठवड्यात कल्याणहून एक बाई आली, नदीकाठी तबेला असलेली. महिन्यापूर्वीच्या पुरात तिच्या पाच म्हशी गेल्या आणि एकीचाही फोटो नाही. पाणी तबेल्यात शिरलं तेव्हा पोहून निघतील म्हणून तिने कोयत्याने दावी कापली. म्हशी वाहून गेल्या. शेजारचा माणूस म्हशी बांधलेल्याच ठेवून पळाला होता. त्याच्या म्हशी खुंट्यालाच मेल्या, फोटो निघाले, मदत मंजूर झाली. "एकही सापडली नाही?" मी विचारलं. "जाताना पत्ता देऊन नाय गेल्या, मॅडम," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत, "सोडल्या ही माझी चूक झाली का? तेवढं सांगा. पुढच्या टायमाला बांधूनच ठेवते." मदत आली नाही तर तबेल्याची जागा विकावी लागेल, हे तिने उठता उठता सांगितलं. मी अर्जाची प्रत ठेवून घेतली.

तो दिवस आठवतो: मी बारा वर्षांची आहे. शाळेला पुराची सुट्टी आहे आणि तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून पंचनाम्याला नेलं आहे. पहिल्या तबेल्यात चार मेलेल्या म्हशी आहेत. मी नाकाला रुमाल लावून त्या मोजते आणि आकडा तुम्हाला सांगते. दुसरा तबेला रिकामा आहे. तुम्ही तिथे खाली बसता, एकेका खुंट्यापाशी बराच वेळ घालवता, दूध घालायची वही मागवता, दोन शेजाऱ्यांना पंच म्हणून बोलावता, आणि तीन म्हशी दगावल्याचं लिहून सही करता. परत येताना मी म्हणाले, "तुम्ही खोटं लिहिलंत. तिथे म्हैस नव्हतीच." तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. "खुंट्याला काय होतं ते बघितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग बोलू नकोस." बस, एवढंच. तुम्ही समजावून सांगणाऱ्यातले नव्हतात. आणि मीही विचारलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. तुम्ही खोट्या सह्या करता, हे मी मनात पक्कं करून टाकलं आणि तुमच्याशी नीट वागत राहिले.

खुंट्याला काय असतं ते परवा बघितलं. सुट्टी टाकून कल्याणला गेले. त्या बाईच्या तबेल्यात पाचही खुंट्यांना दाव्याचे तुकडे अजून बांधलेले होते, टोकं सरळ कापलेली. ओढून तुटलेल्या दोराचे धागे विस्कटतात, हे कळायला कुठल्या पदवीची गरज नाही.

काल मी टिपण दिलं: जनावर वाहून गेलं असल्यास फोटोऐवजी पशुवैद्यकाची तबेल्याची पाहणी आणि दोन पंचांच्या सह्या ग्राह्य धराव्यात. साहेबांनी ते वर पाठवलं. तिचा अर्ज फेरपाहणीला गेला आहे. मंजूर होईल की नाही, आज सांगता येत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. फोटोची अट वरून आलेली नव्हती. प्रणाली तयार करताना ती मी सुचवली होती, तुम्ही केलीत तशी सही पुन्हा कुणाला करता येऊ नये म्हणून. टिपणात मात्र मी 'प्रणालीतील त्रुटी' एवढंच लिहिलं आहे.