पन्नीच्या तळ्यात उतरले तेव्हा

४ मे, रविवार. बोरगाव
पांढुर्ण्याची शाळा बंद झाली, गार्गीला घेऊन सासरी आले. हे ड्युटीमुळे तिकडेच. घनश्याम भाऊजींनी संत्र्याच्या बगीच्यात नवीन शेततळं खोदलं. प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली, पाणी काठोकाठ. कुंपण नाही. विचारलं तर, "लावू ना वहिनी, खांब पाहूनच राहिलो." म्हणजे कधी?
गार्गी सात वर्षांची. भाऊजींची पिहू पाच. दोघींना याच सुट्टीत पोहायला शिकवायचं, ठरलं. तळ्यात नाही, विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाक्यात. मी सहाव्या वर्षी तिगावला विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. मला येतं, म्हणजे शिकवताही येईल.

५ मे
रंजना, माझी धाकटी जाऊ, सरळ नाही म्हणाली. "ताई, पिहूले पाण्याचं भेव आहे तेच बरं. भेव गेलं का तळ्यावर पळन."
मी म्हटलं, भेव असलेली पोरंही घसरतात. ऐकलं नाही. पिहू बाजूच्या दगडावर बसून फक्त पाहणार.

८ मे, गुरुवार
आज गार्गीचे तोंड पाण्यात घालून बुडबुडे. नाकात पाणी गेलं, रडली, परत घातलं. मग उताणं तरंगणं. कान पाण्यात, पोट वर, मान सैल. मान सैल होतच नाही!
तीन नियम सांगितले. मोठं माणूस सोबत नसलं तर पाण्याजवळ जायचं नाही. कोणी बुडत असलं तर उडी नाही, हात नाही. लांबून तरंगणारं काही फेकायचं अन् ओरडत पळायचं.
पिहू दगडावरूनच, "मोठी आई, मले तिन्ही पाठ झाले!"

११ मे, रविवार
गार्गी तीस आकडे होईपर्यंत तरंगली. मी चांगली मास्तरीण आहे. लिहून ठेवते.

१३ मे, मंगळवार
हात दुखून राहिले, अक्षर वाकडं येईल.
सकाळी गार्गी म्हणे, "आई, आता मोठ्या तळ्यात?" म्हटलं, आधी मी उतरून पाहते. दोघी पोरींना संत्र्याच्या झाडाखाली उभं केलं, जागा सोडायची नाही म्हणून बजावलं. भाऊजी बगीच्याच्या त्या टोकाला ठिबकच्या नळ्या पाहत होते. उतरले. एक फेरी मस्त मारली. बाहेर निघायला गेले तर पाय सटकला. पन्नीवर शेवाळ, उतार उभा. बोटांना धरायला काही नाही. दुसरीकडून पाहिलं, तेच. सात-आठ वेळा तरी. साडी नव्हती, सलवार होती, तरी पायाला गुंडाळून...
गार्गी झाडाखालून, "आई, निघून काहून नाही राहिली?"
"काकाले बोलाव. इकडं येऊ नको!"
वाटलं, आता धावत काठाशी येईल. नाही आली. झाडाखाली पडलेल्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅन दुरूनच फेकल्या, पहिली आखूड पडली, दुसरी माझ्याजवळ. मग काकाच्या नावानं ओरडत सुटली. पिहू तिथंच, झाडाला दोन्ही हातांनी धरून, "मोठी आई, मान सैल सोड! पोट वर!"
सोडली. कॅन छातीशी धरून आभाळाकडे पाहत राहिले. किती वेळ, माहीत नाही. भाऊजींनी दोर टाकला.
पंचवीस वर्षं पोहते मी. पोहता येणं पुरत नाही, हे आज कळलं. बाहेर निघायची वाट नसली तर पोहणाराही बुडतो.

१४ मे
पोळ्या लाटताना रंजना म्हणाली, "तुम्हीच निघू शकल्या नाही ताई, तर पोरी काय निघतीन?"
भाऊजी सौसरहून जाड दोर घेऊन आले. हातभर अंतरावर गाठी मारल्या, चारही बाजूंना खुंट्या ठोकून पाण्यात सोडले. मी कमरेला दुसरा दोर बांधून उतरले, त्यांनी वर धरला. गाठी धरत धरत निघाले. चारही बाजूंनी, चार वेळा. खांबही आले. जाळी उद्या.

१६ मे, शुक्रवार
जाळी लागली. फाटकाची कडी मोठ्यांच्या उंचीवर. गार्गीला बजावलं, हे तळं पोहायचं नाही, कधीच नाही. मलाही. टाक्यातले धडे सुरू. आता कपडे घालूनच उतरवते, घसरलं तर फ्रॉकसकटच पडणार ना.

१८ मे, रविवार
टाक्याशी गेले तर रंजना आधीच उभी. जुना सलवार-कुर्ता, केस घट्ट बांधलेले. पिहू मागं.
म्हटलं, पिहूला उतरवायचं?
"नाही. आधी मले." मग हळूच, "त्या दिवशी पोरगी पडली असती तर मी काठावर उभी राहून फक्त बोंबलली असती, ताई."
उतरली. पाणी तिच्या कमरेएवढंच, तरी टाक्याची भिंत दोन्ही हातांनी घट्ट. मी पाठीखाली हात धरला. म्हटलं, सोड आता.
"थांबा."
थांबले. पिहू अन् गार्गी भिंतीवरून वाकून पाहून राहिल्या. एक हात सुटला. दुसऱ्याची चार बोटं सुटली, अंगठा अजून भिंतीवरच.