‘पुरे’चं चित्र

पेण,
२४ जानेवारी २०२५

प्रिय फिजा,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे ठीक. थंडीने अम्मीचा गुडघा धरलाय, तरी पापड लाटायचे काही सोडत नाही. नोमानची रात्रपाळी संपली का? फोनही करता आला असता, पण फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की माझं पुढचं बोलणं राहून जातं.

तुझ्या अफानने फळ्यावरचं चित्र देऊन पोहे मागितले, ऐकून बरं वाटलं. विशेष मुलांच्या आमच्या केंद्रात मी पालकांना हेच सांगते. मूल बोलत नसलं तरी त्याला मागता आलं पाहिजे, आणि नकोही म्हणता आलं पाहिजे. मग चावणं, डोकं आपटणं कमी होतं.

सांगते छान, नाही?

गेल्या रविवारी मी त्याला मणी ओवायला बसवलं होतं. त्याने फळ्यावरून उघड्या पंजाचं ‘पुरे’चं चित्र काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते परत लावलं. “अजून एकच, राजा.” त्याने पुन्हा दिलं. मी पुन्हा लावलं. तो ओरडला नाही, चावला नाही. चित्र घेऊन सरळ स्वयंपाकघरात तुझ्याकडे आला. तू पिठाच्या हाताने ते घेतलंस. “अगो आपा, तो पुरे म्हणतोय! तूच शिकवलंस ना? आता मास्तरणीलाच सुट्टी!” मग त्याला उचलून गरागरा फिरवलंस, आणि खाली ठेवताच त्याने तुला ‘आणखी’चं चित्र दिलं.

न चावता दिलेला त्याचा तो पहिला नकार. मी वर्षभर याचीच वाट बघत होते. आणि मनात आलं काय? घरातली पहिली पदवीधर मी, अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले ते माझे, आणि ‘आणखी’ तुला. अफान समजावा म्हणून मी परीक्षा दिल्या. तू नुसतं फिरवलंस.

काल फोनवर तू म्हणालीस, “चित्र कुठंच नाय गो. पलंगाखाली बघितलं, फ्रिजमागं बघितलं. परत मनगट चावायला लागलाय.” मी म्हणाले, पडलं असेल कुठेतरी.

पडलं नव्हतं. निघताना मी पर्समध्ये टाकलं. नको म्हणता आलं नाही तर पुढच्या वेळी माझ्याजवळ बसेल, एवढंच डोक्यात होतं. परतताना कासू स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा कळलं की त्याचं तोंडच मी पर्समध्ये घालून चाललेय. तरी उतरले नाही.

शेजारचा हरेश उद्या सकाळी तुमच्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात शिफ्टला येतोय, तो पाकीट दारात देईल. चित्र आत आहे. अफानच्या हाताला लागेल असं लाव.

मी रविवारी येईन. त्याने ते मला दिलं तर मी मणी गोळा करून उठेन. तू त्याला समजावू नकोस. आणि माझ्याकडे बघून हसू नकोस, कारण तुझा हेवा अजून गेलेला नाही. तो माझा मी बघेन, अफानने त्यासाठी मनगट चावायला नको.

त्याची खाला, आणि तो बसू देईल तेवढा वेळच त्याची शिक्षिका,
शाझिया