मास्तरीणबाईंची लाळ

ता. ९, गुरुवार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग. इकडे ऊन बरं आहे, मीही बरा आहे. कारण एवढंच, की आपल्या मांजरीला, मास्तरीणबाईंना, काल दवाखान्यात ठेवावं लागलं. घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे.

दुपारी नेहमीसारख्या त्या मांडीवर, आणि मी चौथीतली कविता चालीवर म्हणत होतो. दुसऱ्या कडव्याला पायजमा ओला लागला. बघतो तर बाईंची लाळ. तूच म्हणाली होतीस, काही मांजरं खूश झाली की लाळ गाळतात. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्या चालीवर भाळलं! तिसरं कडवं जरा जास्तच आळवलं. मग लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, फेस आला, ती पंजाने तोंड ओरबाडू लागली, तेव्हा माझं धाबं दणाणलं.

शेजारच्या शिंपीदादांनी तिला टोपलीत घालून नेलं, मागून मी. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं. दात ठीक, हिरड्या ठीक, जिभेखाली दोरा अडकलेला नाही. मग विचारत सुटल्या, फिनेल चाटलं का, कुंडीतलं झाड खाल्लं का, पाल धरली का, घरातलं काही औषध? मी आपला नाही, नाही म्हणत राहिलो. त्यांनी तिचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, अंगाला काय लावता?"

"काही नाही."

"ती वाचायला हवी ना? मग खरं सांगा."

चिमणे, मी पायजमा वर केला.

गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. शिंपीदादा म्हणाले, तरीच भिंत धरून चालता, आणि मला सांगता व्यायाम! कपाटावरचं शाळेतलं जुनं पुस्तक काढायला स्टुलावर चढलो होतो, तू बजावलं असताना. पडलो. फोनवर तुला 'उत्तम' म्हणालो, कारण तू लगेच न्यायला आली असतीस, आणि हे घर... असो. तेव्हापासून दुखण्यावरचं मलम चोपडतोय, आणि बाई रोज दुपारी तिथेच चाटत बसायच्या. मला ती माया वाटली. काल मलम जरा जास्तच चोपडलं होतं. लाळ त्याच्या कडू चवीची. खरी भीती पोटात गेलेल्याची, मूत्रपिंडं जातात म्हणे. सलाईन लावलंय. रक्ताचा रिपोर्ट उद्या.

घरी आली तर तिला धरून औषध पाजावं लागेल. तुमच्याकडे दुसरं कोण आहे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मलम बंद केलंय. त्याशिवाय खुर्चीतून उठवत नाही. हे एवढं एक वाक्य लिहायला सकाळ गेली.

तेव्हा ये, मला न्यायला ये. आम्ही दोघं असू की मी एकटा, ते उद्या कळेल. तू जागा मात्र दोघांची ठेव.

तुझी वाट बघणारे,
बाबा