विझवलेली शेगडी

लॉन्सेस्टन,
१९ जुलै

प्रिय रोरी,

अनेक आशीर्वाद. होबार्टला सगळे सुखरूप असाल. इथे चार दिवस दहिवर गोठतंय, धुकं दुपारपर्यंत दरी सोडत नाही. कुत्रा म्हातारा झालाय. मी बरा आहे.

तुझी आयलीनवहिनी इस्पितळात आहे. खोकला.

खोकला नाही रे. फुप्फुसं गेलीत. घरी यायचं की वृद्धाश्रमात जायचं, गुरुवारी ठरणार. "लाकूड जळतंय त्या घरात मी हिला पाठवणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर तुझी वहिनी, अभिमानाने! "आमच्याकडे कसला धूर हो? झोपण्याआधी डेस मोठा ओंडका घालून हवेची झडप बंद करतो. सकाळी निखारे जिवंत!"

बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस हिवाळे मी ती आग कोंडली, रोरी. कोंडलेलं लाकूड रात्रभर धुमसतं, आणि तो धूर ती ओढत होती.

लाकडाच्या शेगड्यांवरच्या बंदीविरुद्ध मी भरवलेल्या सभेत तू एवढंच म्हणालास, "दादा, वहिनीसाठी तरी शेगडी काढ. विजेवर घर तापवणारा हीट पंप मी फुकट बसवतो." मी मंचावरून गरजलो, "गरिबाची ऊब विकायला निघालेला दलाल, आणि तो माझाच भाऊ!" टाळ्या पडल्या. तू उठून गेलास. त्याला सहा वर्षं झाली.

मी चुकलो, एवढं लिहून थांबणार होतो. पण तेही भाषणच झालं असतं.

सभेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांचं पत्र आलं होतं. शेगडी ताबडतोब काढा, असं. आयलीनला चष्मा सापडत नव्हता. "काय लिहिलंय रे?" "काही नाही, साधा खोकला," म्हणालो आणि कागद आगीत टाकला. मंचावर उभा होतो तेव्हा मला सगळं माहीत होतं.

परवा शेगडी विझवली. हातमोजे घालून लिहितोय. हीट पंप बसवणारे इथले कारागीर सप्टेंबरपर्यंत अडकलेत. हात जोडले, तर एक म्हणाला, "टाळ्या घेतल्यास ना म्हाताऱ्या? आता रांगेत उभा राहा."

बुधवारपर्यंत पंप घेऊन ये. माझ्यासाठी नको. उद्या मी तिला त्या कागदाचं सांगणार आहे. त्यानंतर ती मला उंबऱ्याच्या आत घेणार नसेल, तर मी जाईन कुठेतरी. पण घर तिला श्वास घेता येईल असं हवं.

तू ज्याला दादा म्हणायचास, तो
डेस