मे महिन्यातल्या शाली

अकोला, ६ मे

चि. दामिनीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी सुट्टीत आलीस, की कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायचं काम तुझं. अर्धं वाळ्यावर, अर्धं माझ्या साडीवर! रविवारी राजापेठेतल्या सभेत तुला माईकसमोर पाहून मी तेच आठवत बसले. समोर बांधकामावरच्या जमुनाबाई उन्हात डुलत होत्या, ते मला दिसलं नाही.

तुझा फोन बंद आहे, म्हणून पोस्टाने पत्र पाठवते. त्या शुद्धीवर आल्या का? माझी गाडी उशिरा पोचली, तिथूनच सगळं बिघडलं.

काळजीत असलेली,
नीलममावशी


अमरावती, ९ मे

ती. नीलममावशीस,
सा. न. वि. वि.

जमुनाबाई शुद्धीवर आहेत, पण अजून दवाखान्यात. तुझ्या उशिराचं मनाला लावून घेऊ नकोस. ऊन चढायच्या आत सभा संपवायची, हे मीच ठरवलं होतं. मग आमच्या चळवळीतला धम्मदीप म्हणाला, की पाहुणी बाहेरगावची, शाल-श्रीफळाशिवाय कशी पाठवायची? तुझा सत्कार केला म्हणून बाकीच्या पाहुण्यांचाही केला. भर मे महिन्यात शाली, मावशी! तापमानवाढीवर बोलणाऱ्या पोरीने! आणि ज्यांना दुपारची सुटी मिळावी म्हणून सभा, त्या बांधकामावरच्या बाया मांडवाबाहेर उन्हात.

सत्काराचा व्हिडिओ पाहून लोक हसतात, ते चालेल. पण जमुनाबाईंच्या मुलीने, आकांक्षाने, दवाखान्यात माझ्याकडे पाहिलंही नाही. गुरुवारी महापालिकेत निवेदन द्यायचंय. मी जाणार नाही. चळवळच सोडते.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझी,
दामिनी


अकोला, १३ मे

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

काल गुपचूप येऊन जमुनाबाईंना भेटले. तुझा जिना चढायचा धीर झाला नाही. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं तशी उभी राहून, पूर्ण वाक्यांत माफी मागितली. त्या खेकसल्याच, की बाई, बसा ना, काहून उभ्या राहून बोलून राहिल्या? मग म्हणे, भोवळ मले दरसालीच येते, मुकादम तोंडावर पाणी मारून उठवते. दवाखाना यंदाच पाह्यला. तू सोडते आहेस हे ऐकून म्हणाल्या, की शाली वाटाले उभी होती, आता पाय दुखून राहिले का तिचे? गुरुवारी गेली पाह्यजे म्हना तिले.

ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. आपल्या मनावरचं ओझंही त्यांनीच उतरवायचं का?

तेव्हा जा. लाज वाटते, तर ती घेऊनच जा. पण बोलायचं बायांनी. तू मागे उभी राहा.

चुकलेल्या मावशीवरचा जीव कमी करू नकोस.
नीलममावशी

ता. क. शेजारच्या वाहेदच्या हाती पिशवी पाठवते आहे. पन्ह्याची मोठी बाटली जमुनाबाईंना. लहान बाटली आकांक्षाला; घेत नसेल, तर दारात ठेवून निघून ये, समजावत बसू नकोस. सुती दुपट्टे गुरुवारी येणाऱ्या बायांना. उरला, तर एक धम्मदीपला. तुला काही पाठवलेलं नाही.