कुणी विचारणार नाही

३ मार्च
मिळाली! रेक्टरबाईंची परवानगी मिळाली! हॉस्टेलच्या जिन्याखाली आपली पेटी बसणार. ज्यांना नशेच्या गोळ्या, पुड्या सोडायच्यात त्यांनी गुपचूप आत टाकायच्या. शनिवारी सगळ्यांदेखत पेटी उघडायची, माल साबणाच्या पाण्यात बुडवायचा. नाव नाही, चौकशी नाही. पेटीवर मीच रंगवलं — ‘कुणी विचारणार नाही.’ बाई म्हणाल्या, “पुढारी होणार की काय गं?” लाजले. पण आवडलं!

५ मार्च
बाबांचा फोन. “घरातली पहिली पदवीधर, आता अख्खं हॉस्टेल सुधारणार!” मागून आई — “आधी वेळेवर जेव म्हणावं.” तिने उरलेल्या कापडाच्या दोन नाडीच्या पिशव्या शिवून पाठवल्यात. निळी मला, पिवळी माझ्या रूममेटला. आम्ही तिला खारूताई म्हणतो — सदा धावपळ. पिशवी गालाला लावून म्हणाली, “काकूंनी मला का?” — “अगं, तूही तिचीच!”

८ मार्च
पहिला शनिवार. पेटीत एक फाटका मोजा! सगळ्या खो खो हसल्या. हसू देत. मी हटणार नाही.

११ मार्च
खारूताईची कमाल! रात्र रात्र वाचते, सकाळी पुन्हा टवटवीत. मला मेलीला दहालाच पेंग येते. तिचे हात मात्र थरथरतात, आज चहा सांडला. पुसता पुसता म्हणाली, “तुझ्या पेटीचं खरंच कुणी विचारत नाही?”
“शप्पथ!” काय ऐटीत सांगितलं मी!
ती नुसती “बरं” म्हणाली.

१५ मार्च
चालली! पेटी चालली! पुड्या निघाल्या, पाकिटं निघाली, टाळ्यांवर टाळ्या! मग बाईंनी तळातून पिवळी पिशवी काढली. आईची शिलाई. आत जागं राहायच्या गोळ्या.
“कुणाची गं ही?”
मी लगेच ओळखली. तरी म्हटलं, “विचारायचं नाही असं ठरलंय, बाई.” पुन्हा टाळ्या! खारूताई मागे उभी. माझ्याकडेच बघत होती.
खोलीत आल्यावर मी अवाक्षर काढलं नाही. शब्द म्हणजे शब्द! आणि ती सुटली! माझ्या पेटीने सुटली! नाचावंसं वाटतंय.

१६ मार्च
सकाळी ती बॅग भरत होती. “पिशवी मुद्दाम काकूंचीच टाकली. एकटीने नाही सुटत गं. वाटलं, तू तरी विचारशील.”
बॅग तिच्या हातातून घेतली. शेजारी बसले. विचारलं.