नझरुल्लोकाकांची तुती

१५ मे, अल्माटी
पोचलो एकदाचा! होशिम स्टेशनवर आला होता. शाळेत दहा वर्षं एका बाकावर बसलेलो आम्ही, पण तीन वर्षांनी मिठी मारल्यावर काय बोलावं कुणालाच सुचेना.
“टक्कल पडलं की रे!” — तो.
“आणि तुझं पोट?” — मी. मग सुरळीत.
घरी मावजुदावहिनींनी मी आणलेली जर्दाळूंची पिशवी उघडायच्या आधी नाकाला लावली. डोळे भरले. आमच्या खुजंदचा वास!
होशिमचे वडील नझरुल्लोकाका — काकू गेल्यावर तीन वर्षांपूर्वी त्याने त्यांना इकडे आणलं. माझा हात धरून पहिला प्रश्न: “माझ्या अंगणातल्या तुतीला फळ धरलं का?”
त्यांच्या पाठीमागून होशिमने मानेनेच खुणावलं — नको.
“धरलं काका. फांद्या वाकल्यात.”
अंगण नाही. तुती नाही. मार्चमध्ये रस्ता रुंद करताना गल्लीतली समोरची अख्खी ओळ पाडली. माझं घर अलीकडच्या बाजूला, म्हणून वाचलं.

१६ मे
होशिमबरोबर त्याच्या कामावर गेलो. फरशी बसवतो. दिवसभर गुडघ्यांवर. खुजंदला गणित शिकवायचा! “बाबा रोज विचारतात, परत कधी जायचं. खरं सांगितलं तर खचतील रे.” त्याने बसवलेली फरशी बघत राहिलो. एक रेघ वाकडी नाही.

१७ मे
काकांनी छप्पर गळतं का विचारलं. खोटं बोललो. दाराचा रंग उडाला का — खोटं.

१८ मे
नात अनीसा, सात वर्षांची. शाळेतून आली की आजोबांना हाताला धरून बागेत नेते. दुकानात रशियन तीच बोलते. घरी आमच्या ताजिकमध्ये चुकली की काका टिचकी मारतात. आज “चिमणी”ऐवजी भलतंच काही म्हणाली. हसता हसता दोघांना ठसका लागला.

१९ मे
सकाळी काका बोचकं बांधून तयार! “तुझ्याबरोबर येतो. तुती गळून जाईल.”
वहिनी म्हणाल्या, “बाबा, पुढच्या वर्षी सगळेच जाऊ.”
“तीन वर्षं पुढचंच वर्ष चाललंय! इस्कंदर, तू बोल.”
होशिम खिडकीबाहेर बघत होता. मला नाही राहवलं. सांगून टाकलं — भिंतसुद्धा उरली नाही, काका.
त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. खोलीत गेले, दार लावलं.
होशिम माझ्यावर धावून आला. “पाहुणा आहेस म्हणून, नाहीतर...” वहिनींनी चहा ओतला. तसाच गार झाला.

२० मे
काका बाहेर आले नाहीत. होशिम बोलत नाही. वहिनी मात्र हळूच म्हणाल्या, “बरं केलंत भावजी. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.”

२१ मे
काका स्वतःहून चहाला येऊन बसले. होशिमला म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?”
“तुम्ही खचला असता.”
“खचलो असतो. मग तू उभं केलं असतंस! मुलगा कशाला असतो?”
होशिम त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. चाळिशीचा बाप्या! मीही तोंड फिरवलं.
मग काका: “तरी जातो. डोळ्यांनी बघतो. इस्कंदर, तुझ्याकडे खोली आहे ना?”
आहे की! बायको गेल्यापासून वरची खोली बंदच आहे. कितीही दिवस राहा म्हटलं.
रात्री आम्ही निघताना होशिमने मला घट्ट धरलं. “सांभाळ रे त्यांना.”

२४ मे, खुजंद
पोचलो. निघताना अल्माटीच्या स्टेशनवर अनीसा काकांची बाही सोडत नव्हती.

२५ मे
रस्त्याकडेला उभे राहिले. गाड्या जात होत्या. “तो दिव्याचा खांब आहे ना, तिथं चूल होती. तुझी काकू तिथंच बसायची.” मग शेजारी धावले, मिठ्या, तीन घरांतून पुलाव! काका पोटभर जेवले.
जिन्यावर पावलं वाजतात. किती वर्षांनी! कायमचेच राहा म्हणावं का त्यांना?

२७ मे
खोलीत नवी गादी घातली. उद्या विचारतोच.

२८ मे
विचारायच्या आतच काका टोपी घालून दारात. “चल, मला घरी सोड.”
मला वाटलं, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. “काका, घर तर...”
“कळतंय रे. होशिमकडे म्हणतोय. पोरगी शाळेतून येऊन बसली असेल.”